आठव्या वाराची शाल

कदळीबाडी साहीतल्या, म्हणजे कदळीबाडी आळीतल्या, देवाला आठवड्याचे सात वार होते आणि सातही दुसऱ्यांच्या मालकीचे होते. बनांबर दासांच्या वाट्याला एकही नव्हता. आता वार काय कुणाच्या मालकीचा असतो का, असं विचाराल, तर तुम्ही पुरीत हिवाळा काढलेला नाही.

मार्गशीर्षात ओढण षष्ठी आली की तिथल्या देवाला थंडी वाजायला लागते, ती थेट वसंत पंचमीपर्यंत वाजत राहते. मोठ्या देवळात वाजते तशीच गल्लीबोळातल्या चिमुकल्या देवळांतही वाजते. रविवारी लाल शाल, सोमवारी काळ्यावर पांढरे ठिपके, मंगळवारी पट्ट्यापट्ट्यांची, बुधवारी निळी, गुरुवारी पिवळी, शुक्रवारी पांढरी, शनिवारी काळी. कदळीबाडीचा देव म्हणजे एकटाच जगन्नाथ, दीड हात उंच, वाटोळ्या डोळ्यांचा, शेजारी ना भाऊ ना बहीण. त्याच्या सात शाली सात घरांकडे. आजोबाकडून बापाकडे, बापाकडून लेकाकडे. शनिवारवाल्यांनी एकदा वाटणीत नारळाची बाग सोडली, पण शनिवार नाही सोडला. आणि नियम दोनच. एक, शाल आधी साहीतल्याच एखाद्या घरात निदान एक ओढण षष्ठी राहिलेली हवी. बाजारातून आणली आणि घातली, असलं चालायचं नाही. दोन, देवाच्या अंगावरून उतरलेली शाल त्या दिवशी पुन्हा चढवायची नाही. बस्स. बाकी तो देव मोठा सोशिक होता, आणि सोशिक नसता तर या साहीत टिकला नसता.

बनाबाबू केंद्रापड्याहून तारघरातल्या नोकरीसाठी इथं आले, त्याला एकतीस वर्षं झाली. घर बांधलं, पोरीचं लग्न केलं, तारघर बंद पडलं, केस पिकले, तरी साहीत त्यांची ओळख "ते नवीन आलेले" अशीच. त्याचं त्यांना काही नव्हतं. खरं दुखणं होतं त्यांच्या बायकोच्या पेटीत.

कनकलता नुआपाटण्याच्या विणकराची लेक. लग्नात बापानं तिला एक शाल दिली होती, तिच्यासाठी नव्हे, देवासाठी. "पुरीला चाललीस, तर माझ्या हातची एक शाल त्याच्या अंगावर पडू दे गं," एवढंच म्हणाला. पिवळी विणली होती त्यानं, गुरुवारची. म्हणजे त्याच्या मते पिवळी. तोवर म्हाताऱ्याचे डोळे निम्मे गेले होते, आणि सूत हाताशी आलं ते त्यानं मागावर चढवलं. ताणा निळा, बाणा तांबडा, मध्येच कुठंतरी एक हळदीची झाक, आणि काठावर शंख-मासे. पारव्याच्या गळ्यासारखी शाल झाली ती. इकडून बघा तर जांभळी, तिकडून बघा तर मोरपिशी, डोळे किलकिले करून बघा तर बघणाऱ्याच्या मनात असेल ती. "जमली का गं पिवळी?" बापानं विचारलं. "हळदीसारखी, बापा," कनकलता म्हणाली. काय करणार, लग्नाचा दिवस होता.

पहिल्याच ओढण षष्ठीला ती शाल घेऊन चेमी मौसीकडे गेली होती. गुरुवार चेमी मौसीचा. एकच गुरुवार द्या म्हणाली. चेमी मौसीनं शाल उजेडात धरली, पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाली, "ही पिवळी? मग मी गोरी." आणि मौसी होती काजळाच्या डबीसारखी. तेव्हापासून शाल पेटीत. दर वर्षी मार्गशीर्षात कनकलता ती गच्चीवर उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला बदलायची, घड्यांमध्ये काळे मिरे पेरायची आणि पुन्हा झाकण लावायची. आणि दर वर्षी बाप निरोप पाठवून विचारायचा, "देवानं पांघरली का गं यंदा?" ती सांगायची, "हो बापा, गुरुवारी." एकतीस वर्षं. एकतीस वेळा.

यंदा बापाचा निरोप निराळा आला. आता डोळे पुरतेच गेले होते, वय अठ्ठ्याऐंशी. "पौषात पुतण्याबरोबर पुरीला येतोय. देवाच्या अंगावरची माझी शाल एकदा हातानं चाचपेन म्हणतो. मग काय, झालंच."

कनकलता त्या दिवशी डाळमा करताना दोनदा मीठ घालायला विसरली. दोनदा म्हणजे, एकदा विसरली आणि आठवण झाल्यावर पुन्हा विसरली. बनाबाबूंनी अळणी डाळमा गुपचूप खाल्ला, हात धुतला आणि म्हणाले, "बघतो मी."

"काय बघता?"

"काहीतरी बघतो."

बनाबाबूंचं असं होतं, की आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तारा दिल्या. मेल्याच्या, जन्मल्याच्या, नोकरी लागल्याच्या. स्वतःला तार कधी आली नाही. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक झाली होती. मोठ्या जागेवरून चार शब्द आले की माणसं उलट विचारत नाहीत. आणि पुरीत सगळ्यात मोठ्या जागेवरून निरोप येतो तो स्वप्नात. तिथं स्वप्नात देव आला म्हणून लोकांनी विहिरी खणल्यात, लग्नं मोडलीत, मासे सोडलेत आणि पुढच्या स्वप्नानंतर पुन्हा धरलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून बनाबाबू देवळाच्या ओट्यावर आले. साहीची माणसं उन्हाला बसली होती. बनाबाबूंनी घसा साफ केला. "आज मला... तो आला होता."

"कोण, बिलवाला?" सदानंद पटनाईक म्हणाले. ते साहीच्या समितीचे सचिव. आधी महसूल खात्यात होते. ते आठवणीनंसुद्धा खोकायचे नाहीत, कागद बघून खोकायचे.

बनाबाबूंनी बोटानं गाभाऱ्याकडे दाखवलं. "म्हणाला, थंडी वाजते. शाल पाठव."

बनाबाबूंनी मनात हिशेब मांडला होता तो असा: लोक हात जोडतील, म्हणतील आणा बुवा शाल, कनक शाल आणेल, झालं. म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. सात घरांचं काय होईल, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"थंडी वाजते?" चेमी मौसी उठून उभी राहिली. "कोणत्या वारी वाजते?"

"अं?"

"आपल्या साहीत रोज एकेका घराची शाल असते. थंडी वाजते म्हणजे कुणाची तरी शाल पातळ आहे. कुणाची, ते सांगा. उगाच सातही घरांच्या तोंडाला काळं फासू नका."

"तसं त्यानं काही... सांगितलं नाही."

"गुरुवारी नक्कीच वाजत नसणार," मौसी म्हणाली. "माझी शाल घातली की घाम फुटतो त्याला."

"बुधवारी तर प्रश्नच नाही," सदानंदबाबू म्हणाले. बुधवार त्यांचा.

"सोमवारची शाल पातळच आहे," शुक्रवारवाले म्हणाले. मग सोमवारवाल्यांनी शुक्रवारवाल्यांना शालजोडीतले दिले, शुक्रवारवाल्यांनी ते घडी मोडून परत केले, आणि अर्ध्या तासात साही अशी तापली की त्या संध्याकाळी देवाला खरोखरच शालीची गरज नव्हती.

शेवटी सदानंदबाबूंनी कागद काढला. "असं तोंडी चालणार नाही. स्वप्नाचा अर्ज द्या. तीन प्रतींत."

बनाबाबूंना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. स्वप्नाची तारीख, वेळ, स्वप्नाचं ठिकाण, कोणत्या कुशीवर पडलं, आदल्या जेवणात काय होतं, देव उभा होता की बसलेला. बनाबाबूंनी डाव्या कुशीवर लिहिलं, तर सदानंदबाबू म्हणाले डाव्या कुशीची स्वप्नं पोटातून येतात. उजव्या कुशीवर करून आणलं, तर म्हणाले खाडाखोड आहे. आणि मुळात दुपारचं स्वप्न ग्राह्य धरायचं की नाही, हाच घोळ. आर्त पंडा, म्हणजे देवाचा पुजारी, म्हणाला पहाटेचंच खरं. मौसी म्हणाली देव पहाटे स्वतः उठवला जातो, फिरणार केव्हा? दुपारी त्याची पण झोप, आपली पण झोप. भेटायला हीच वेळ सोयीची. हे सगळ्यांना पटलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. कारण दुपारच्या झोपेत देव बनाबाबूंना भेटतो, तर आपल्याला का नाही? दुसऱ्या दिवसापासून सगळी साही जेवली की आडवी. खोटं सांगत असेन तर जिभेला फोड येवो, दुपारी त्या साहीतून चालताना आपलंच पाऊल आपल्याला परकं वाटायचं. उन्हाच्या चौकोनात माणसं झोपलेली, ओट्याओट्यावर, खाटेखाटेवर. दारात तांदळाच्या पिठानं काढलेली लक्ष्मीची पावलं आत जायच्या वाटेवर जराशी थबकल्यासारखी. खाजे विकणारा टोपलीवर हात ठेवून झोपलेला, आणि माशाही, तो उठेल म्हणून, हळू बसायच्या. समुद्र तेवढा जागा, तोही कूस बदलत. एकदा म्हणे समोरच्या नारळाच्या झाडानं शेजारच्या झाडाच्या खांद्यावर मान टाकली ती वसंतापर्यंत काढली नाही.

आणि स्वप्नं पडली ना! का नाही पडणार? मनी वसे ते स्वप्नी दिसे. रविवारवाल्यांच्या सुनेला देव लाल शाल गुंडाळून जिलबी खाताना दिसला आणि म्हणाला, "ऊब हवी तर रविवारची." शनिवारवाल्यांच्या आजोबांना तो म्हणाला, "काळ्या रंगात कसं गरम वाटतं." सदानंदबाबूंच्या स्वप्नात तो निळ्या शालीत आला आणि त्यानं अर्जावर सहीच केली. सगळी स्वप्नं वहीत चढली. पण एकाही स्वप्नात बनाबाबूंच्या घरची शाल आली नाही. बनाबाबू स्वतः रोज उजव्या कुशीवर निजायचे, निदान आता तरी खरंच यावा म्हणून. ते झोपायचे ते ओंडक्यासारखे, आणि रिकामेच उठायचे.

"तुम्हाला उभ्या जन्मात कधी स्वप्न पडलंय?" कनकलतेनं एकदा चहा देताना विचारलं.

"एकदा पडलं की."

"कधी?"

"अर्जावर तारीख आहे."

संध्याकाळी तिनं चहात आलं जास्त घातलं, आणि बनाबाबूंना ठसका लागेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

इकडे थंडीचं खापर आपल्यावर फुटू नये म्हणून सातही घरांनी आपापल्या शाली जाड करायला घेतल्या. आतून अस्तर, अस्तराच्या आत कापूस, कापसाच्या आत लोकर. घरात होतं नव्हतं ते कोरं कापड शालींच्या पोटात गेलं. मग समितीनं ठराव केला की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत सातही शाली रोजच घालाव्या, फक्त त्या वाराची सगळ्यात वर. बिचारा आर्त पंडा! जगन्नाथाला खांदे नाहीत हो. एक शाल चढवायची तरी ती घसरते, मागून खोचावी लागते. सात शाली म्हणजे एक खोचून होत नाही तोच दुसरी घसरायला लागे. पाचव्या दिवशी देव असा फुगला की देवळाचं दार लागेना. आठव्या दिवशी आर्त पंडा आत गेला तो श्वास सोडून, आणि बाहेर यायला त्याला दुपारचा उपास करावा लागला. वरून दोन वाटोळे डोळे तेवढे दिसायचे. तुळस कुठं ठेवायची म्हणून विचारलं तर कुणी सांगायचं वर, कुणी सांगायचं डावीकडे. मंगळवार आणि शुक्रवार यांच्या मध्ये एका खारीनं संसार मांडला. नैवेद्य दाखवला की देवाच्या पोटातून चूंक असा आवाज यायचा आणि लोक भक्तीनं डोळे मिटायचे.

बनाबाबूंना हे सगळं बघवेना. देव गुदमरतोय आपल्यापायी, आणि एवढं करून शाल पेटीतच. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. आणि पौष लागला.

पौषात साहीचा उत्सव असतो. त्यात दर वर्षी एका माणसाला उत्तरीय पांघरून मान देतात. यंदा मान होता कुंतला अपांचा; शाळेतल्या बाईंना तिकडे अपा म्हणतात. साहीतल्या निम्म्या माणसांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात गाठून. वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. उत्सवाचा दिवस गुरुवार. आणि त्याच दिवशी दुपारी रिक्षातून कनकलतेचे बापा उतरले.

पुतण्यानं हात धरून त्यांना मांडवात पहिल्या रांगेत आणून बसवलं. म्हाताऱ्यानं हवेला कान दिला. "देऊळ कुठल्या बाजूला?"

"समोरच, बापा," कनकलता म्हणाली. तिचा आवाज सुईच्या नाकातून गेल्यासारखा बारीक झाला होता.

"आज गुरुवार ना?"

"हो."

"मग अंगावर असेल." म्हातारा हसला आणि हात मांडीवर ठेवून बसला. बोटं मात्र चाळवत होती, सूत तपासल्यासारखी.

सत्कार सुरू झाला. खरं तर एक उत्तरीय पुरतं. पण देवाला सात आणि अपांना एक, मग ते कुणाचं, यावरून पुन्हा रण माजलं असतं. म्हणून सातही घरांनी एकेक आणलं. पहिलं घातलं, अपांनी हात जोडले. तिसरं घातलं, अपांचे हात आत गेले. पाचव्याला चष्मा गेला. सातव्याला अपांचे डोळे तेवढे उरले. मग सदानंदबाबूंनी भाषणाचे कागद काढले. कागद बरेच होते.

पौष असला तरी ऊन होतं, आणि मांडवाखाली वारा नव्हता. अर्ध्या तासानं त्या गाठोड्यातून आवाज आला, "सदानंद."

"हो, अपा?"

"तू चौथीत पण असाच होतास. बस खाली. आर्त, काढ हे."

आर्त पंडानं एकेक करून सातही उत्तरीयं काढली. अपांचा चेहरा पिकल्या पेरूसारखा झाला होता. पाणी पिऊन त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच समोरच्या गाभाऱ्याकडे नीट बघितलं. तिथं दुसरं गाठोडं. दोन डोळे इकडे, दोन डोळे तिकडे. बराच वेळ एकमेकांकडे बघत होते.

"त्याला कोणी सांगितलं थंडी वाजते म्हणून?"

"त्यानंच सांगितलं, अपा," चेमी मौसी म्हणाली. "बनाबाबूंच्या स्वप्नात येऊन."

"बनांबर, पुढं ये."

बनाबाबू पुढं आले. साठीचा माणूस, पण हात आपोआप मागे बांधले गेले.

"काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांग."

"थंडी वाजते. शाल पाठव."

"एवढंच?"

"एवढंच."

अपांनी चष्म्यावरून बघितलं. "ज्या देवाला सकाळी उठवायला तासभर गावं लागतं, छप्पन्न पदार्थांशिवाय ज्याचं जेवण होत नाही, रथात बसायचं तर जो दहा वेळा मागे-पुढे डुलतो, तो तुझ्याशी चार शब्दांत बोलला? मोजून? बनांबर, ही तार आहे. कुणी लिहिली?"

मांडवात टाचणी पडली असती तरी तिनं आधी इकडेतिकडे बघितलं असतं.

बनाबाबूंनी खाली बघितलं, मग पहिल्या रांगेत बघितलं. म्हातारा सासरा मान तिरकी करून ऐकत होता. कनकलतेनं पदराचा शेव मुठीत आवळला होता. शाल पिवळी नाही हे बोलायचं नाही, देवानं कधी पांघरली नाही हेही बोलायचं नाही, आणि खोटं तर आता घशातून वर येईना.

"मी लिहिली, अपा," ते म्हणाले. "तो नाही आला. तो कधीच येत नाही माझ्याकडे. मला... आमच्या घराला एक वार हवा होता."

काय गलका झाला म्हणता! सोमवारवाले शुक्रवारवाल्यांच्या गळ्यात पडले, कारण आता दोघांनाही एकच शत्रू सापडला होता. सदानंदबाबूंनी अर्जाच्या तिन्ही प्रती वर धरल्या. चेमी मौसी म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," जे तिनं म्हटलं नव्हतं. बनाबाबू कान लाल करून उभे. कनकलता उठली आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागली.

या गलक्यात एकट्या आर्त पंडाला फार आनंद झाला. स्वप्नच खोटं, मग ठराव कसला? तो गाभाऱ्यात धावला आणि कोणी थांबवायच्या आत सातही शाली भराभर उतरवल्या. खार आपल्या दोन पोरांना घेऊन निघाली आणि सदानंदबाबूंच्या कागदांवरून चालत गेली. कितीतरी दिवसांनी देव सुटसुटीत दिसला. लोक बघतच राहिले. एवढासा आहे हा, विसरूनच गेलो होतो, असं सगळ्यांच्या तोंडावर.

मग आर्त पंडाच्या हातातली पिवळी शाल हळूहळू खाली आली. "अरे देवा," तो म्हणाला.

उतरलेली शाल त्या दिवशी पुन्हा चढत नाही. सातही उतरल्या होत्या. ऊन कलत होतं, समुद्राकडून वारा सुटला होता, दिवे लावायची वेळ आली होती, आणि देव उघडा. तोही गुरुवारी.

"बाजारातून..." सदानंदबाबूंनी सुरुवात केली.

"बाजारातून पाहुण्याला आणतात," चेमी मौसी कडाडली, पण आवाज कापत होता. तिच्या सासूच्या सासूपासून एकही गुरुवार चुकला नव्हता. "घरात कोरी शाल कुणाकडे आहे का रे? एक ओढण षष्ठी काढलेली?"

सगळे एकमेकांकडे बघत होते. होतं नव्हतं ते सगळं त्या सात शालींच्या पोटात गेलं होतं. मौसीनं पानाची पिंक टाकली, पदर खोचला आणि कनकलतेच्या घराकडे गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

कनकलता पेटीपाशीच बसली होती, झाकणावर डोकं ठेवून.

"ए पोरी," मौसी दारातून म्हणाली. "ती तुझी शाल. आहे का अजून?"

"आहे."

"मग दे."

"ती पिवळी नाही, मौसी. तुम्हीच म्हणालात."

मौसी दारात उभी राहिली. बाहेर वारा वाढला होता. "तेव्हा माझी नजर फार तीक्ष्ण होती," ती म्हणाली. "आता वय झालं. ऊठ."

कनकलतेनं शाल झटकली, पाला काढला, मिरे ओंजळीत गोळा केले आणि शाल दोन्ही हातांवर घेऊन निघाली. आर्त पंडानं ती देवाला पांघरली. नवल असं की ती घसरली नाही. तेवढ्यात दिवे लागले. दिव्यांच्या उजेडात शालीनं एकेक रंग असा काही दाखवला आणि लपवला की रविवारवाली सून पुटपुटली, "लालच आहे की," आणि सदानंदबाबूंनी कागदावर लिहिलं, 'निळसर'.

म्हातारबाबांना पुतण्यानं पायऱ्या चढवल्या. त्यांनी हात पुढं केला. बोटं काठावर गेली, शंख ओळखला, मासा ओळखला, मग कापडावरून फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली. कनकलता विणकराची लेक होती, बापाच्या बोटांना काय कळतंय ते तिला कळत होतं.

"कनक," म्हातारा हळूच म्हणाला, "खळ अजून जशीच्या तशी आहे गं. एकदाही पांघरलेली नाही ही."

बनाबाबू गर्दीच्या मागे होते, तिथून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आज पहिल्यांदा ना?"

"हो, बापा."

म्हाताऱ्यानं शालीचा काठ बोटांनी सरळ केला. मग म्हणाला, "बरं झालं. मी इथं असताना पांघरली. नाहीतर मी यायच्या आधीच विटवून बसला असता." आणि मान वळवून हवेला विचारलं, "रंग कसा दिसतोय हो?"

सगळ्यांनी चेमी मौसीकडे बघितलं. गुरुवार तिचा होता.

"पिवळा," मौसी म्हणाली. "हळदीसारखा."

म्हातारा आधी गालात हसला, मग खांदे हलवून हसला. "माझी लेकपण असंच म्हणाली होती. या साहीत फार प्रेमळ माणसं राहतात," तो म्हणाला, "एकालाही धड खोटं बोलता येत नाही."

तेव्हापासून कदळीबाडी साहीत नियम एकानं वाढला. पौषातला उत्सव ज्या वारी येईल, त्या दिवशी कनकलतेची शाल. ती तेव्हा ज्या वाराची असेल त्याच रंगाची असते, हे समितीनं ठराव करून मान्य केलंय. सदानंदबाबूंची सही आहे.

आणि बनाबाबू? बापा नुआपाटण्याला परत गेले त्या दुपारी ते डाव्या कुशीवर झोपले. आता कुशीची काळजी कशाला? उन्हाचा चौकोन पायांवर होता. समुद्र कुठंतरी आत आत ओढल्यासारखा वाजत होता, आणि मग वाजेनासा झाला. आणि बघतात तर तो समोर उभा. दीड हात उंच, वाटोळे डोळे, अंगावर ती शाल. बनाबाबूंनी हात जोडले. ते वाट बघत राहिले. तो एक शब्द बोलला नाही. त्यानं नाक आक्रसलं, डोळे आणखी वाटोळे केले, आणि इतक्या जोरात शिंकला की बनाबाबू खाटेवरून खाली पडले.

"काय झालं?" कनकलता धावत आली.

"काही नाही," बनाबाबू जमिनीवरून म्हणाले. आता पुन्हा स्वप्न म्हणायचं तर तोंड नव्हतं. "पडलो."

संध्याकाळी आर्त पंडा आला, हातात पानाचा द्रोण. "भाउजा," त्यानं वहिनीला मारावी तशी कनकलतेला हाक मारली, "तुमचं काहीतरी राहिलं होतं. शाल घडी करताना देवाच्या हनुवटीखाली सापडलं."

द्रोणात दोन काळे मिरे होते.

कनकलतेनं मिरे बघितले. मग नवऱ्याकडे बघितलं. बनाबाबू भिंतीकडे बघत होते, कपाळाला टेंगूळ आलं होतं, आणि चेहऱ्यावर तारघरातल्या नोकरीत कधी कुणी न पाहिलेलं असं काहीतरी होतं, एखाद्याला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची तार आल्यासारखं.